हुतात्मा सैनिकांचा स्मृतिदिन आपल्या वस्तीत कसा पाळावा

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून ठाण्यात आणि नवी मुंबईत आलेल्या कुटुंबांमध्ये सैन्याशी नाते असलेली घरे पुष्कळ आहेत. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, कळवा, वर्तकनगर अशा कोणत्याही भागात चार इमारती फिरल्या, तर कोणाचा काका मराठा लाइट इन्फंट्रीत होता, कोणाचे वडील महार रेजिमेंटमधून निवृत्त झाले, कोणाचा भाऊ परत आलाच नाही, असे ऐकायला मिळते. गावी त्या भावाचे नाव शाळेच्या भिंतीवर किंवा वेशीजवळच्या स्मारकावर कोरलेले असते आणि वर्षातून एकदा गाव तिथे जमतो. इथे मात्र शेजारच्या दारावरही ते नाव कोणाला ठाऊक नसते. घर शहरात आले आणि नाव गावाकडे राहिले, ही आपल्या भागातली खरी अडचण आहे, आणि स्मृतिदिन पाळायचा तो मुख्यतः ते नाव इथल्या माणसांच्या ओठांवर आणण्यासाठी.

आमच्या गृहनिर्माण संस्थेत गेली काही वर्षे आम्ही हा दिवस पाळतो. त्यातून जे उमगले, जे चुकले आणि जे पुढे सुधारले, ते इतर संस्थांना, शाळांना आणि मंडळांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दिवस कोणता धरावा

सर्वांना परिचित असलेला दिवस म्हणजे २६ जुलै, कारगिल विजय दिवस. १९९९ च्या त्या युद्धात ५२७ भारतीय सैनिकांनी प्राण दिले. आपल्याकडे हा दिवस भर पावसात येतो, आणि २००५ च्या महापुराची तारीखही हीच असल्याने अनेक घरांत त्या दिवशी वेगळीच आठवण असते. त्यामुळे कार्यक्रम मोकळ्या मैदानात ठरवू नये. इमारतीखालची वाहनतळाची जागा धुऊन, गाड्या आदल्या रात्री हलवून तिथेच करावा.

१६ डिसेंबर हा विजय दिवस १९७१ च्या युद्धाचा आहे. त्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानच्या सुमारे ९३,००० जणांनी शरणागती पत्करली. ज्या घरात नौदलाचा माणूस आहे, तिथे ४ डिसेंबरचा नौदल दिन आणि ९ डिसेंबर या दोन तारखा अधिक जवळच्या असतात. ४ तारखेला कराचीवरील हल्ल्याची आठवण काढली जाते, आणि ९ तारखेला ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली, तिच्यासोबत कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. विजयाच्या आठवड्यातच ही हानी झाली होती, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस आहे. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला सेवानिवृत्त झाले. संक्रांतीच्या गडबडीत तो विसरला जातो, पण तिळगूळ घेऊन माजी सैनिकांच्या घरी जाण्यासाठी याहून सोयीचा दिवस नाही.

३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता पाळले जाणारे मौन स्वातंत्र्यलढ्यात प्राण दिलेल्यांसाठी असते आणि २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन आहे. हे दोन्ही दिवस जरूर पाळावेत, परंतु सैनिकांच्या स्मृतिदिनात त्यांची सरमिसळ करू नये.

मात्र आपल्या वस्तीतच हुतात्म्याचे कुटुंब राहत असेल, तर माझ्या मते राष्ट्रीय तारखेपेक्षा त्या जवानाच्या वीरमरणाची तारीख मोठी मानावी. राष्ट्रीय दिवशी त्या आईला दूरचित्रवाणीवर सारा देश दिसतो. तिच्या मुलाच्या तारखेला मात्र बहुधा ती एकटी असते.

नाव, हुद्दा आणि शब्द

पहिल्या वर्षी आमच्याकडून एक चूक झाली, ती मला आजही बोचते. प्रवेशद्वाराशी लावलेल्या फलकावर नाईक हुद्द्याच्या जवानाला आम्ही ‘शिपाई’ छापले होते, आणि आडनावातला एक काना राहून गेला होता. त्याच्या आई कार्यक्रमाला आल्या, फलकासमोर उभ्या राहिल्या आणि राहिलेल्या कान्याच्या जागी त्यांनी बोटाने एक उभी रेघ ओढली. काही बोलल्या नाहीत. नंतर चहा घेताना त्यांनी सांगितले, की बाहीवर नाईकच्या दोन फिती लागल्या त्या रात्री मुलाने त्यांना फोन केला होता आणि अर्धा तास तो त्या फितींविषयीच बोलत होता. आम्ही त्या दोन्ही फिती एका छपाईत काढून घेतल्या होत्या.

तेव्हापासून नियम असा केला, की नाव, हुद्दा, पलटण, तारीख आणि ठिकाण या पाच गोष्टी कुटुंबाकडच्या कागदावरून उतरवून घ्यायच्या, मजकूर हाताने लिहून त्यांना दाखवायचा, त्यांनी होकार दिल्यावरच छापायला द्यायचा आणि छापून आल्यावर पुन्हा एकदा ताडून पाहायचा. कुटुंब संपर्कात नसेल, तर दिल्लीतील राष्ट्रीय समर स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी लोकार्पण झालेल्या या स्मारकाच्या त्यागचक्रात स्वातंत्र्योत्तर युद्धांत आणि मोहिमांत कामी आलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. ठाण्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करता येते. तिथल्या कल्याण संघटकांशी आधी बोलून जावे.

महायुद्धांतील आजोबा-पणजोबांचा शोध घेणाऱ्यांसाठी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची नोंदवही खुली आहे. कोकणातून बोटीवर गेलेल्या खलाशांच्या वारसांनी मुंबईत मस्जिद बंदर येथील इंडियन सेलर्स होमला आवर्जून जावे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि ज्यांना माती मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे तिथल्या स्मारकात आहेत. ठाण्याहून लोकलने तासाभराच्या आत पोहोचता येते, तरी तिथे जाऊन आलेला माणूस मला क्वचितच भेटला आहे.

हुद्द्याबद्दल आणखी एक गोष्ट. आपल्याकडे गावोगावी प्रत्येक फौजी माणसाला आदराने ‘मेजर’ म्हणतात. बोलताना ते गोड वाटते आणि त्यात गैर काही नाही, पण छापील पत्रिकेत लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार यांतला जो खरा हुद्दा असेल तोच लिहावा. हयात माजी सैनिकाचा हुद्दा नावाआधी लिहावा आणि ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर कंसात टाकावा. ‘माजी सुभेदार’ असे लिहू नये, कारण सैनिक निवृत्त होतो, हुद्दा होत नाही, अशी फौजेची धारणा आहे.

‘शहीद’ हा शब्द सर्रास वापरला जातो, परंतु सैन्याच्या अधिकृत कागदांत तो वापरत नाहीत. मराठीत ‘हुतात्मा’ हा शब्द आपल्या हाडामासाचा आहे. त्याखेरीज ‘वीरमरण आले’, ‘धारातीर्थी पडले’ असे जुने आणि नेमके प्रयोग आहेत. धारातीर्थ म्हणजे शस्त्राच्या धारेवरचे तीर्थ. वीरमाता, वीरपिता आणि वीरपत्नी हे शब्द शासकीय पत्रांतही रुळलेले आहेत. वीरपत्नीला निमंत्रण देताना तिच्या स्वतःच्या नावाने द्यावे, ‘कै. अमुक यांच्या पत्नी’ एवढ्यावर थांबू नये.

कुटुंबाला विचारल्याशिवाय काहीही ठरवू नये

कार्यक्रम ठरवून मग निमंत्रण द्यायला जाणे ही आपल्याकडची सर्वसाधारण पद्धत आहे आणि इथे ती चुकीची ठरते. किमान महिनाभर आधी दोघांनी, त्यांतली एक स्त्री असावी, त्या घरी जावे. हातात पत्रिका नसावी. आम्ही असे काही करावे का, आपली इच्छा काय आहे, एवढेच विचारावे. काही घरांना सार्वजनिक कार्यक्रम नको असतो आणि तो नकार जसाच्या तसा स्वीकारावा. काही घरांना छायाचित्र चालते, पण शेवटच्या प्रवासाची चित्रफीत दाखवलेली चालत नाही. एका घरी वडिलांना बोलायचे होते आणि आईला समोर बसायचेही नव्हते. आम्ही त्यांची खुर्ची मागच्या रांगेत, नातवाशेजारी ठेवली.

धार्मिक विधी हा कुटुंबाचा स्वतःचा विषय आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीला आपल्या पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते. शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी पितृपक्षातला तो दिवस राखलेला आहे, आणि अनेक मराठी घरांत तो पाळलाही जातो. त्या दिवशी शेजाऱ्यांनी घरी जाऊन नुसते बसावे, एवढे पुरे होते. संस्थेच्या कार्यक्रमात मात्र कोणत्याही एका धर्माचा विधी ठेवू नये. पलटणीत मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि चर्च एकाच छताखाली नांदतात, त्या जागेला तिथे सर्वधर्म स्थळ म्हणतात. आपल्या वाहनतळाने त्या वेळेपुरते तेच रूप घ्यावे.

प्रत्यक्ष कार्यक्रम

सकाळी आठ ते नऊ ही वेळ चांगली. सगळा कार्यक्रम चाळीस मिनिटांत संपला पाहिजे. मी एका ठिकाणी पाहिले आहे, की व्यासपीठावर सत्कारमूर्ती म्हणून बसवलेल्या एका वृद्ध वीरमातेला अडीच तास पाहुण्यांची भाषणे ऐकावी लागली, आणि शेवटी शाल घालून छायाचित्र काढताना सूत्रसंचालकाला तिच्या मुलाचे नाव चिठ्ठीत पाहावे लागले. अशा सन्मानाने मन दुखावते. म्हणून आमच्याकडे प्रमुख पाहुणे नसतात. पहिल्या रांगेत कुटुंब, त्यांच्या शेजारी वस्तीतील माजी सैनिक, मग बाकी सगळे. लोकप्रतिनिधी आले तर त्यांचे स्वागत आहे. त्यांनी पुष्पचक्र वाहावे आणि बसावे.

पुष्पचक्र बांबूच्या कड्यावर बांधून घ्यावे. जांभळी नाक्याच्या बाजारात आदल्या दिवशी सकाळी सांगितले, तर फुलवाले झेंडू, शेवंती आणि निशिगंधाचे चक्र तयार करून देतात. प्लॅस्टिकची पाने आणि थर्मोकोल नको, हे मात्र स्पष्ट सांगावे लागते. ते जमिनीवर ठेवू नये, लाकडी घडवंचीवर तिरके टेकवावे. पहिले पुष्पचक्र कुटुंबाचे, दुसरे माजी सैनिकांचे, तिसरे संस्थेचे. ज्यांना वाहायचे आहे त्यांनी दोन पावले मागे येऊन क्षणभर सावधान उभे राहावे. नागरिकांनी लष्करी पद्धतीचा सॅल्यूट करण्याची गरज नाही. हात जोडून किंवा मान लववून केलेले वंदन पुरते. माजी सैनिकांना पदके लावून येण्याची विनंती अवश्य करावी. स्वतः मिळवलेली पदके छातीच्या डाव्या बाजूला लावतात. दिवंगत सैनिकाच्या जवळच्या नातलगाने त्याची पदके अशा श्रद्धांजलीच्या प्रसंगी उजव्या बाजूला लावायची असतात. हे अनेक कुटुंबांना कोणी सांगितलेले नसते, आणि पदके कपाटातच राहतात.

पुष्पचक्रानंतर बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजवण्याची प्रथा आहे. जवळच्या महाविद्यालयातील एनसीसी पथकात बिगुल वाजवणारा छात्र मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर ध्वनिमुद्रण लावण्यापेक्षा सरळ मौनाकडे वळावे.

दोन मिनिटांचे मौन म्हणजे पूर्ण १२० सेकंद. बहुतेक ठिकाणी ते चाळीस-पन्नास सेकंदांत गुंडाळले जाते, कारण वेळ मोजण्याचे काम कोणाकडेच दिलेले नसते. एका व्यक्तीच्या हातात घड्याळ द्यावे. तिने सुरुवातीला आणि शेवटी घंटेचा एकेक ठोका द्यावा. तेवढ्या वेळापुरता पाण्याचा पंप बंद ठेवावा, उद्वाहनातले संगीत बंद करावे, फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला आत येणारी वाहने थांबवायला सांगावे आणि त्यालाही मौनात सहभागी करून घ्यावे. हा माणूस स्वतःच माजी सैनिक असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून अधिक आहे. आमच्या फाटकावरचे पर्यवेक्षक सतरा वर्षे फौजेत होते, हे आम्हाला तिसऱ्या वर्षी कळले, तेही मौनाच्या वेळी ते ज्या पद्धतीने उभे राहिले त्यावरून.

मौनानंतर नावे वाचावीत, आणि ती वाचण्याचे काम मुलांकडे द्यावे. प्रत्येक मुलाकडे एकच नाव असावे. त्याने ते आठवडाभर घरी म्हणून पाहावे, शक्य असल्यास त्या कुटुंबाला भेटून यावे, आणि नाव, हुद्दा, पलटण, गाव, तारीख एवढेच सावकाश वाचावे. खोटी बंदूक आणि छापील गणवेश घालून मुलांना उभे करण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. ज्या घरातून खरा गणवेश घडी घालून परत आला आहे, त्या घरासमोर हे करू नये. त्याच कारणाने फटाकेही नकोत. युद्धभूमी पाहिलेल्या काही माणसांना अचानक झालेला स्फोटाचा आवाज अजूनही सहन होत नाही.

यानंतर कुटुंबातील किंवा माजी सैनिकांपैकी कोणाला बोलायचे असेल तर पाच-सात मिनिटे द्यावीत, आणि शेवटी राष्ट्रगीत. पूर्ण राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे आहे. ते सर्वांनी मिळून म्हणावे, लावू नये.

ध्वजासंबंधी काही नियम लक्षात ठेवावेत. राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवण्याचा निर्णय फक्त शासनाचा असतो, त्यामुळे संस्थेने आपल्या मनाने तो अर्ध्यावर ठेवू नये. स्मृतिफलकाचे अनावरण करताना फलकावर तिरंगा झाकण म्हणून घालू नये; साधे पांढरे किंवा भगवे कापड वापरावे आणि ध्वज शेजारी स्वतंत्र, ताठ उभा असावा. शवपेटीवर ध्वज घालण्याचा मान शासकीय, लष्करी आणि निमलष्करी इतमामापुरता आहे. कार्यक्रमानंतर कागदी झेंडे जमिनीवर पडू देऊ नयेत. ते गोळा करण्यासाठी दोन मुले आधीच नेमावीत. फाटलेला ध्वज खाजगीत, शक्यतो जाळून, सन्मानपूर्वक नष्ट करावा.

कायमची खूण

सैनिकाची आठवण दगडावर कोरणे ही आपली फार जुनी रीत आहे. महाराष्ट्रात गावोगावी मंदिराच्या आवारात किंवा पाराखाली उभे असलेले वीरगळ हेच सांगतात: सर्वांत खालच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील. ठाण्यापासून जवळ, बोरिवलीच्या एक्सर येथील वीरगळांवर तर वल्ह्यांच्या नौकांचे आरमारी युद्ध कोरलेले आहे. शाळेच्या मुलांना स्मृतिदिनाच्या आधीच्या रविवारी एखादा वीरगळ दाखवून आणावा. शेंदूर फासलेला तो दगड म्हणजे कोण्या एका माणसाची आठवण आहे, हे त्यांना तिथे समजते.

आपल्या संस्थेत फलक लावायचा असेल तर तो लहान, काळ्या दगडाचा आणि नजरेच्या उंचीवर असावा. त्यावर संस्थेच्या कार्यकारिणीची, देणगीदारांची किंवा उद्घाटकांची नावे घालू नयेत. फक्त हुतात्म्याचे नाव, हुद्दा, पलटण, तारीख, ठिकाण. मजकूर देवनागरीत असावा, कारण त्याची आई तोच वाचणार आहे. चौकाला किंवा रस्त्याला नाव द्यायचे असल्यास महापालिकेच्या सभेचा ठराव लागतो; स्थानिक नगरसेवकांमार्फत लेखी अर्ज द्यावा आणि सोबत कुटुंबाचे संमतिपत्र जोडावे.

परगावच्या लोकांनी आपल्या माणसाची आठवण कशी ठेवली, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावात आहे. २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावानेही त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभे केले. पनवेलहून माणगाव दोन-अडीच तासांवर आहे. संस्थेची सहल तिकडे नेता येईल.

माजी सैनिकांसाठी वर्षभराचे काम

माजी सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या मिशांचे आजोबा येतात. प्रत्यक्षात जवान म्हणून भरती झालेले अनेक जण पस्तिशी-चाळिशीतच बाहेर पडतात, आणि तेव्हा मुलांचे शिक्षण आणि घराचे हप्ते समोर उभे असतात. शिवाय प्रत्येकाला निवृत्तिवेतन मिळते असेही नाही. जवानांना साधारणपणे १५ वर्षांची सेवा पूर्ण झाल्याशिवाय ते मिळत नाही. म्हणून मदत करण्यापूर्वी विचारावे, गृहीत धरू नये.

सर्वांत उपयोगी मदत कागदांची असते. संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून येते आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की रक्कम थांबते. कळव्यातील एका निवृत्त हवालदारांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटतच नव्हते. आयुष्यभर दोर, माती आणि फावडी हाताळलेली ती बोटे गुळगुळीत झाली होती, आणि दोन ठिकाणांहून त्यांना परत पाठवले होते. आमच्या इमारतीतील एका विद्यार्थिनीने त्यांच्या घरी जाऊन, खिडकीजवळच्या उजेडात बसवून, मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने ‘जीवन प्रमाण’, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, करून दिला. ही सोय २०२१ पासून उपलब्ध आहे. अवघ्या दहा मिनिटांचे काम होते. दर वर्षी आपल्या वस्तीत एक शनिवार या कामासाठी राखून ठेवता येईल. मात्र कोणाचाही ओटीपी किंवा परवलीचा शब्द कागदावर उतरवून घेऊ नये, आणि मुलांनाही हे बजावावे.

दुसरे काम नावांच्या मेळाचे. पत्नीचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, आणि जन्मतारीख तिसरीच, असे आपल्याकडे सर्रास आढळते. सैनिक हयात असताना ते दुरुस्त करणे सोपे असते. तो गेल्यावर त्याच फरकामुळे कुटुंब निवृत्तिवेतन अडकते आणि वीरपत्नीला किंवा विधवेला महिनोन्‌महिने खेपा घालाव्या लागतात. म्हणून डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), आधार आणि बँकेचे पासबुक ही चार कागदपत्रे समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे. फरक आढळला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा.

माजी सैनिकांच्या आरोग्यासाठी २००३ पासून ईसीएचएस ही योजना आहे. पॉलिक्लिनिकमधून शिफारसपत्र घेऊन नोंदणीकृत रुग्णालयात उपचार घेता येतात. वृद्ध जोडप्यासाठी यातला कठीण भाग उपचार नसतो, तो शिफारसपत्रासाठी जाण्याचा प्रवास असतो. संस्थेतील ज्यांच्याकडे गाडी आणि मोकळी सकाळ आहे, त्यांची यादी करून ठेवावी. राज्य शासनाने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राहत्या घराच्या मालमत्ता करात सवलत दिली आहे. तिचा अर्ज महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात करावा लागतो, आणि अनेक पात्र कुटुंबांनी तो अजून केलेलाच नाही. व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्यात मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. बारावीचा निकाल लागला की अशा घरांना आठवण करून द्यावी.

पैसे द्यायचे असतील तर

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. लाल, गडद निळा आणि आकाशी हे त्या छोट्या ध्वजावरचे तीन रंग भूदल, नौदल आणि वायुदलाचे आहेत. ध्वजदिन निधीत दिलेली रक्कम माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांच्या मुलांच्या कल्याणासाठी वापरली जाते आणि तिला आयकरात सूट आहे. ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरून पावती घ्यावी किंवा केंद्रीय सैनिक मंडळाच्या संकेतस्थळावरून भरावी. युद्धात जखमी किंवा मृत झालेल्यांच्या कुटुंबांसाठीच्या निधीचे ‘माँ भारती के सपूत’ हे संकेतस्थळ आहे, आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या जवानांसाठी ‘भारत के वीर’ आहे. दोन्ही वेगळी आहेत, हे देणाऱ्यांना सांगावे. खडकीच्या अर्धांगवायू पुनर्वसन केंद्रात मणक्याला इजा झालेले सैनिक १९७४ पासून राहतात. त्यांतील काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांची गरज असेल, तर तिथे आधी चौकशी करावी.

दारावर येऊन सैनिकांच्या नावाने वर्गणी मागणाऱ्यांना ओळखपत्र आणि अधिकृत पावती विचारल्याशिवाय काही देऊ नये. कुटुंबाला थेट रक्कम द्यायची असेल, तर पाकीट व्यासपीठावर देऊ नये आणि छायाचित्रही काढू नये. बँकेत जमा करावी, किंवा मुलाचे शैक्षणिक शुल्क शाळेत परस्पर भरावे.

कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांच्या आत तेच दोघे पुन्हा त्या घरी जातात. छायाचित्राची एक मोठी प्रत, मुलांनी वाचलेल्या नावांचा हस्तलिखित कागद आणि सुकलेल्या पुष्पचक्रातले एखादे फूल, एवढे घेऊन जावे. आमच्या संस्थेच्या कार्यालयात लाल बांधणीची एक वही ठेवली आहे. तिच्यात वस्तीतील प्रत्येक हुतात्म्याची तारीख, कुटुंबाने सांगितलेल्या इच्छा, माजी सैनिकांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना आणि कोण कोणाकडे जाणार याची नोंद असते. कार्यकारिणी बदलली की जुने सचिव चाव्यांसोबत ती वही नव्या सचिवांच्या हाती देतात आणि पहिल्या पानावर दोघांच्या सह्या होतात.